मे महिना, ठाणे, एसी नाही: आंबणारी बिअर थंड ठेवायची कशी?

घोडबंदरकर | शनिवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

कासारवडवलीला सातव्या मजल्यावर राहतो. खिडक्या पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट हॉलमध्ये मुक्कामाला येतं. थर्मामीटर ३३ दाखवतो आणि रात्री पंख्याखालीही ३० च्या खाली उतरायचं नाव नाही. या घरात २० लिटरच्या बादलीत एल (घरी सहसा करतात तो बिअरचा प्रकार) आंबवायची आहे आणि यीस्टच्या पाकिटावर लिहिलंय १८ ते २२.

डिसेंबर-जानेवारीत काही करावं लागत नाही. बेडरूमच्या कोपऱ्यात बादली ठेवली की काम झालं. एप्रिलमधली बाटली उघडली तर आधी पिकल्या केळ्याचा वास आणि मागून नेलपॉलिश रिमूव्हर. एक ग्लास प्यायला की दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचं.

एसी आठवडाभर चालू ठेवणं शक्य नाही. बिल एकीकडे, "बिअरला एसी आणि आम्हाला पंखा?" हा प्रश्न दुसरीकडे. दुसरा फ्रिज ठेवायला जागा नाही. मग ओलं फडकं, पाण्याचा टब, बर्फ यातलं खरंच काय चालतं? की मार्च ते ऑक्टोबर हा उद्योग बंदच ठेवायचा? माझं मत तिकडेच झुकतंय, पण तुमचं ऐकून ठरवीन म्हणतो.

बोका | शनिवार, रात्री ९.२०

मी पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सोबत काय प्यायचं ते धागाकर्त्याने बघावं.

वऱ्हाडी_ठेचा | शनिवार, रात्री ९.४१

काय राव, ३३ ला गरम म्हणता? आमच्या अकोल्यात या म्हणजे कळेल. उपाय सोपा आहे. बादलीला गोणपाट गुंडाळा, खालचं टोक परातीतल्या पाण्यात सोडा, समोर टेबलफॅन लावा. गोणपाट आपोआप पाणी ओढतं. माझा मित्र नागपुरात ४३ मध्ये असंच करतो, बादली २४-२५ वर राहते.

सीवूड्सची_सई | शनिवार, रात्री १०.०५

ठेचाभाऊ, नागपुरात जमतं ते इकडे जमणार नाही. ओल्या कापडाने वस्तू फार तर वेट बल्ब तापमानापर्यंत (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) उतरते, त्याच्या खाली नाही. नागपूरला ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर वेट बल्ब २२-२३ येतो. ठाण्यात ३४ अंश आणि ६५ टक्के धरली तर २८ च्या वर. म्हणजे तुमच्याकडे अंगाची लाही होते पण बिअर थंड राहते, आमच्याकडे दोघंही घामाघूम. खाडीकाठी कूलर कोणी घेत नाही ते याच कारणाने.

माझ्याकडे कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) असते, तिला २४ ते २९ चालतं, म्हणून मी निवांत. बिअरवाल्यांबद्दल सहानुभूती आहे.

वऱ्हाडी_ठेचा | शनिवार, रात्री १०.११

सईताई, मान्य. गोणपाट परत घेतो.

मुरलेला | शनिवार, रात्री ११.३०

घोडबंदरकर, खोलीचं तापमान सांगितलंत, बिअरचं सांगा. यीस्ट साखर खाते तेव्हा उष्णता सोडते. जोर चढला की आतलं तापमान खोलीपेक्षा सहज तीन ते पाच अंश वर जातं. तुमच्या हॉलमध्ये ३१ असेल तर बादलीत ३५ धरा. त्या तापमानाला साधी एल यीस्ट बिथरते आणि जड अल्कोहोलं तयार करते. रिमूव्हरचा वास या बिथरण्याचाच. केळ्याचा वास एस्टरचा, म्हणजे यीस्टच बनवते त्या फळांच्या वासाच्या रसायनाचा. तो थोडा असेल तर गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये मुद्दाम आणतात, पण तुमच्या एलमध्ये त्याचं काम नाही.

आता दिलासा. हे सगळं पहिल्या ७२ तासांत ठरतं. यीस्ट टाकल्यापासून तिसऱ्या दिवसापर्यंत १८-२० सांभाळा, पुढे रोज थोडं थोडं चढून २३-२४ झालं तरी बिघडत नाही. उलट शेवटी थोडी ऊब मिळाली तर यीस्ट डायअॅसिटिल, म्हणजे तो लोण्यासारखा वास, स्वतःच साफ करते. तेव्हा "आठवडाभर एसी" हा हिशेबच चुकीचा आहे. प्रश्न तीन-चार दिवसांचा आहे.

आणखी एक. यीस्ट टाकताना वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, उकळलेलं गोड पाणी) किती अंशांवर होता? पाकीट ३२ ला टाकून नंतर बर्फ लावत बसण्यात अर्थ नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते वर्टमध्ये बुडवलेल्या तांब्याच्या कॉइलमधून (वेटोळ्या नळीतून) कितीही वेळ फिरवलं तरी वर्ट ३५ च्या खाली येत नाही. मी नळाच्या पाण्याने ४० पर्यंत आणतो. मग वेगळ्या बादलीत बर्फाचं पाणी, त्यात डेझर्ट कूलरचा छोटा पंप, आणि तेच पाणी कॉइलमधून फिरवत राहायचं. १७-१८ ला आणून मगच यीस्ट. (मुंबईत कूलर निरुपयोगी, पण त्याचा पंप मात्र फार कामाचा.)

शुद्ध_तूप | रविवार, सकाळी ७.१५

सकाळी सकाळी हा धागा वर बघून वाईट वाटलं. याच भांड्यात ताक घुसळा, पन्हं करा. ऊनही बाधणार नाही आणि रिमूव्हरचा वासही नाही.

बोका | रविवार, सकाळी ९.०२

तूपकाका, पन्हं चार दिवस बाहेर ठेवा, मग तेही या धाग्यावर येईल.

वकीलसाहेब | रविवार, सकाळी ११.२०

रसभंगाबद्दल माफी, पण कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. "घरी, स्वतःपुरती, विकत नाही" अशी सूट त्यात नाही. मायक्रोब्रुअरीवाले राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेऊनच करतात. पिण्यापुरतं बोलायचं तर बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं. परदेशात बऱ्याच ठिकाणी घरगुती बिअरला मुभा आहे, तिथली पुस्तकं वाचून इथे गैरसमज होतो.

घोडबंदरकर | रविवार, दुपारी १२.०१

वकीलकाका, नोंद घेतली. वाचकांनी हा धागा आलं-लिंबाच्या फसफसत्या सरबताबद्दल आहे असं समजून वाचावा.

वकीलसाहेब | रविवार, दुपारी १२.०४

समजुतीने कलम बदलत नाही.

संपादक | रविवार, दुपारी १.३०

कायद्याची माहिती वर आली आहे, सर्वांनी वाचावी. विक्री, देवाणघेवाण, "कुठे मिळेल" असे प्रतिसाद उडवले जातील. तापमानाची चर्चा चालू द्या. आंबवण्याचं शास्त्र अनिवासी सदस्यांना, आल्याची बिअर आणि कोंबुचा करणाऱ्यांनाही लागू आहे.

नेरुळचा_नंदू | रविवार, दुपारी ३.१०

टब, बर्फ वगैरे सगळी हौस आहे. जुना सिंगल डोअर फ्रिज घ्या, जाळ्या काढा, बादली आत. मागे खाली कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, त्यावर फळी टाकावी लागते, तेवढं आधी मोजा. फ्रिजचं स्वतःचं बटण उपयोगाचं नाही, कमीत कमी थंडाव्यावर ठेवलं तरी तो आठ-दहावर नेतो आणि यीस्ट झोपून जाते. म्हणून बाहेर एसटीसी-१००० सारखा कंट्रोलर (तापमान बघून फ्रिज चालू-बंद करणारा डबा) लावायचा. १९ वर सेट, फरक १ अंशाचा, कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी किमान तीन मिनिटांची विश्रांती. सेन्सर हवेत लोंबकळत सोडू नका. बादलीच्या पोटाला चिकटवा आणि वरून स्पंजचा तुकडा टेपने लावा, म्हणजे तो बिअरचं तापमान वाचेल, हवेचं नाही. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंगसकट. ओल्या हाताने त्या डब्याला शिवू नका.

झालं. मग मे असो की ऑक्टोबर हीट, झोपा काढा.

घोडबंदरकर | रविवार, दुपारी ३.२५

नंदूशेठ, पटतंय सगळं. पण धाग्यात लिहिलंय ना, जागा नाही. दोन खोल्यांत चार माणसं आणि आता सासूबाई नाशिकहून महिनाभर येतायत.

नेरुळचा_नंदू | रविवार, दुपारी ३.२७

सासूबाईंना सांगा लोणच्यासाठी घेतलाय.

पंपवाला | रविवार, रात्री १०.४८

रबाळे एमआयडीसीत उष्णतेचीच कामं करतो, त्यामुळे राहवलं नाही. टबवाल्यांनी, म्हणजे पाण्याच्या टबात बादली उभी करून त्यात गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकणाऱ्यांनी, एकदा हा हिशेब बघा. ढोबळ आहे, पण डोळे उघडतो.

२० लिटर मध्यम एलमध्ये दीडेक किलो साखर आंबते. किलोमागे अंदाजे १४० किलोकॅलरी उष्णता सुटते, म्हणजे एकूण दोनशेच्या आसपास. एक लिटर पाण्याचा बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो आणि ते पाणी पुढे २० अंशांपर्यंत तापताना आणखी २०. म्हणजे एका बाटलीचे शंभर. यीस्टने सोडलेली सगळी उष्णता खायला गोठलेल्या दोन बाटल्या पुरतात. दोन! तीन-चार दिवसांत मिळून.

मग लोक रात्री उठून बाटल्या का बदलतात? कारण खोली. उघडा प्लास्टिकचा टब, आत २० अंश, बाहेर ३०. सगळ्या बाजूंनी मिळून साधारण ६० वॅट उष्णता आत येते. दिवसाचे साडेबाराशे किलोकॅलरीच्या आसपास. म्हणजे बारा-तेरा बाटल्या रोज, निव्वळ खोली थंड करायला. यीस्ट बिचारी उगाच बदनाम.

आता टबाला तळ, बाजू आणि झाकण धरून ५ सेंटिमीटर थर्माकोल लावा. तेच ६० वॅट दहाच्या आसपास येतात. रोजच्या दोन बाटल्या खोलीसाठी, एखादी यीस्टसाठी. तीन बाटल्या घरच्या फ्रीझरमध्ये रोज गोठतात, तेरा गोठत नाहीत.

सांगायचा मुद्दा, बर्फाआधी थर्माकोल. आणि झाकण विसरू नका. बहुतेक जण बाजू झाकतात आणि वरून टब उघडा ठेवतात.

मुरलेला | रविवार, रात्री ११.०२

पंपवाले, इतकी वर्षं टब वापरतोय, पण असं मांडून कोणी दाखवलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

बोका | रविवार, रात्री ११.०६

थर्माकोल आणायचं कुठून? २०१८ च्या बंदीपासून मखरं पुठ्ठ्याची झालीत.

सीवूड्सची_सई | सोमवार, सकाळी ८.४०

आमच्या माळ्यावर त्याआधीचं मखर अजून आहे. महालाच्या कमानी, खांब, सोनेरी रंग सगळं शाबूत. बाबा टाकू देत नाहीत. त्यात बिअर ठेवली तर मात्र मला घराबाहेर काढतील.

दिवाळ्याचा_नाखवा | सोमवार, सकाळी १०.१५

मखर कशाला? मासळी येते तो थर्माकोलचा पांढरा खोका बघा. आमच्या दिवाळे गावात, तुमच्या ठाण्यात चेंदणीला, कुठल्याही मासळी बाजारात रिकामे पडलेले असतात. एकात बादली उभी मावणार नाही. दोन सारखे घ्या, एक खाली, एक वर उपडा, सांध्याला टेप. आधी साबण आणि सोड्याच्या पाण्याने घासून दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर बिअरला बोंबलाचा वास आला म्हणून इथे नवीन धागा निघेल.

बर्फाबद्दल म्हणाल तर चुरा लवकर संपतो, लादीचा मोठा तुकडा टिकतो. मासळीच्या खोक्याला खाली भोक असतं, पाणी निघून जावं म्हणून. तुम्हाला ते बुजवायचंय. तुम्हाला पाणी हवंय, कारण बादलीला थंडावा पाणी पोचवतं. नुसता बर्फ एका बाजूला टेकला की तिथेच गार, बाकी गरम.

कुल्फीप्रेमी | सोमवार, दुपारी २.३३

बाटल्यांमध्ये मिठाचं पाणी गोठवलं तर? कुल्फीवाला बर्फात मीठ घालतोच की. जास्त गार होईल.

पंपवाला | सोमवार, सायं. ७.५०

कुल्फीला शून्याच्या खाली जायचं असतं, म्हणून मीठ. त्याने बर्फाचं तापमान उतरतं, त्याची उष्णता खायची ताकद वाढत नाही, किंचित कमीच होते. तुम्हाला २० वर राहायचंय, तिथे साधं पाणी उत्तम. आणि बाटली फुटली तर टब खारट होईल ते वेगळंच.

जुनी_पानं | सोमवार, रात्री ९.२५

नौपाड्यातला निवृत्त माणूस आहे, बिअर पीत नाही, पण धागा रोचक. धागाकर्त्याने "उन्हाळ्यात बंदच ठेवायचा का" विचारलंय. हा विचार जुना आहे. बव्हेरियात १५५३ साली राजाज्ञाच निघाली होती की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळात करायची. उन्हाळ्यातली बिअर नासते हे अनुभवाने कळलं होतं, यीस्ट म्हणजे काय ते कोणाला ठाऊक नव्हतं. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून तळघरात बर्फाशेजारी ठेवायचे आणि उन्हाळाभर पुरवायचे. तळघरावर सावली हवी म्हणून चेस्टनटची झाडं लावली, आणि लोक त्या झाडांखाली बसून प्यायला लागले. म्युनिकच्या बिअर गार्डनांचं मूळ हेच. पुढे कार्ल फॉन लिंडेने १८७० च्या दशकात शीतयंत्र बनवलं, तेही स्पाटेन ब्रुअरीच्या मदतीने. आज आपल्या स्वयंपाकघरात उभा असलेला फ्रिज एका परीने बिअरवाल्यांच्या गरजेतून आला.

आपल्याकडे इंग्रजांनी ब्रुअरी काढली ती कसौलीला. तिथली हवा पाहूनच.

शुद्ध_तूप | सोमवार, रात्री ९.४०

म्हणजे आमचं ताक थंड राहतं ते दारूच्या कृपेने? जुनी पानं, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. (हलके घ्या.)

ऑस्लोची_वहिनी | मंगळवार, रात्री १.१०

इथे नॉर्वेत होमब्रुइंग चालतं, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तुम्ही सगळे तापमान खाली आणायच्या मागे लागलाय. यीस्ट का बदलत नाही? पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांची क्वाईक नावाची यीस्ट आहे. व्हॉस भागातली सगळ्यांत प्रसिद्ध. तिला ३५ ते ४० अंश आवडतं. अंगाइतका कोमट वर्ट झाला की टाकायची आणि वरून घोंगडी पांघरायची. दोन-तीन दिवसांत काम फत्ते, ना रिमूव्हर ना डोकेदुखी. किंचित संत्र्याचा सुवास येतो. जुने लोक ती लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या वेळेसाठी ठेवायचे, आता सुकी पाकिटांत मिळते.

गंमत बघा, बर्फाच्या देशातली यीस्ट आणि तिला ठाण्याचा मे मानवतो. आम्ही इथे तिच्यासाठी हीटर लावतो.

मुरलेला | मंगळवार, सकाळी ८.२०

वहिनी, सूचना उत्तम, पण एक अट. क्वाईकला ऊब हवी म्हणजे स्थिर ऊब. दिवसा ३६ आणि रात्री २९ झालं की ती मध्येच रेंगाळते. म्हणजे थर्माकोलचा खोका तिथेही लागणार, फक्त बर्फ न घालता. आणि संत्र्याचा सुवास प्रत्येक बिअरला शोभत नाही. पेल एल, आयपीए अशा फिकट बिअरना ठीक. काळ्या स्टाउटमध्ये मला नाही आवडला.

बेल्जियमची सेझोन यीस्टही ३० पर्यंत खुशाल चालते. पण ती माल्टची साखर फारशी शिल्लक ठेवत नाही, बिअर कोरडी ठणठणीत होते. काहींना तेच आवडतं.

नेरुळचा_नंदू | मंगळवार, सकाळी ९.००

एवढ्या यीस्टी शोधण्यापेक्षा एक फ्रिज...

बोका | मंगळवार, सकाळी ९.०१

नंदूशेठचा फ्रिज विकायचाय का?

कळव्याची_कविता | मंगळवार, दुपारी ४.४४

टबवाल्यांना एक सावधगिरी. माझे भाऊ आल्याची बिअर करतात. मोठ्या टबात भांडं, वर ओली चादर, बर्फाच्या बाटल्या, सगळं साग्रसंगीत. सकाळी कामाच्या मावशी आल्या. त्यांना वाटलं चादर भिजत घातलीय. चादर धुतली, टब उपडा करून घासला, आणि भांडं "मधेच पडलेलं" म्हणून बाल्कनीत उन्हात. दादा संध्याकाळी आले तेव्हा एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) कुकरच्या शिट्टीसारखा वाजत होता. टबाला चिठ्ठी लावा. आणि घरातल्या सगळ्यांना तोंडी सांगा, कारण चिठ्ठी कोणी वाचत नाही.

घोडबंदरकर | मंगळवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. नाखव्यांचं ऐकून चेंदणीहून दोन खोके आणले. रिक्षावाल्याने नाक मुरडलं, पण आणले. सध्या बाल्कनीत उन्हं खातायत. वास निम्म्यावर आलाय.

एक शंका. टबाचं पाणी बादलीच्या किती उंचीपर्यंत हवं?

पंपवाला | मंगळवार, रात्री १०.४१

आतल्या बिअरच्या पातळीइतकं, किंवा जरा खाली. त्याहून वर गेलं तर अर्धवट भरलेली बादली तरंगून कलंडते. पाण्यात क्लोरिनचं ब्लीच चमचाभर टाका, नाहीतर चौथ्या दिवशी शेवाळाचा बुळबुळीतपणा येतो. झाकण आणि एअरलॉक पाण्याच्या वर राहू द्या.

सीवूड्सची_सई | मंगळवार, रात्री १०.५५

आणि थर्मामीटर टबाच्या पाण्यात नको, बादलीच्या पोटाला. पहिल्या दोन दिवसांत दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक दिसेल. पाणी १८ दाखवतं म्हणून खूश व्हायचं नाही.

घोडबंदरकर | पुढचा रविवार, सायं. ६.१५

अहवाल. साधी एल यीस्टच वापरली. कूलरचा पंप आणि बर्फाचं पाणी लावून वर्ट १८ वर आणला, मग यीस्ट. खोक्याच्या झाकणाला एअरलॉकपुरतं भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी फेसाने धिंगाणा घातला तेव्हा बादली २१ ला टेकली. एक जास्तीची बाटली टाकल्यावर तासाभरात २० वर उतरली. सकाळी एक, संध्याकाळी एक आणि झोपताना एक, यावर भागलं. पंपवाल्यांचा हिशेब जवळपास तंतोतंत. आता बर्फ बंद केलाय, २४ वर आहे. वास अजून तरी स्वच्छ, केळं नाही.

फ्रीझरमध्ये आमरसाला जागा उरली नाही यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

जुनी_पानं | पुढचा रविवार, सायं. ७.००

म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर काय? बंद ठेवायचं की नाही?

घोडबंदरकर | पुढचा रविवार, सायं. ७.२०

लागर नावाची बिअर बंद. तिला दहा-बारा अंश लागतात, ते खोक्यात जमवायचं तर लादी रोज आणावी लागेल, ते नंदूशेठच्या फ्रिजचं काम. एल चालू, पण मला तीन-चार दिवस घरी राहता येईल तेव्हाच. आणि सासूबाई असताना क्वाईक, म्हणजे फ्रीझर मोकळा राहील. वहिनी, सुकी पाकिटं उन्हाळ्याच्या पार्सलमध्ये टिकतात का?

ऑस्लोची_वहिनी | सोमवार, रात्री १२.३५

सुकी यीस्ट तशी चिवट असते, चार दिवसांच्या उन्हाने मरत नाही. हाती आली की फ्रिजमध्ये टाका. आणि पाकीट अख्खं ओतू नका. क्वाईक कमी टाकली तरच तो संत्र्याचा सुवास नीट येतो.

मुरलेला | सोमवार, सकाळी ७.५०

बाटल्या भरायची घाई नको. हायड्रोमीटरचं (साखर किती उरली त्याचा अंदाज देणारं उपकरण) रीडिंग दोन-तीन दिवस सारखं आलं की मगच. ३२ अंशांत शिल्लक साखर बाटलीत जोरात आंबते आणि काच फुटते. भरलेल्या बाटल्या पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, झाकणाच्या खोक्यात ठेवा. फसफस आली की लगेच फ्रिजमध्ये.